डिस्क मुंबईत, कीबोर्ड नागपुरात: कमांड लाइनवरून क्लाउड व्हॉल्यूम कसे सांभाळायचे

मार्चमधली रात्र, साडेदहा वाजलेले. कळमना मार्केटमधल्या एका अडत्याचं बिलिंग आमच्याकडे आहे. मृग बहराचा संत्रा उतरत होता, पहाटेपासून गाड्या लागणार होत्या, आणि आमच्या ऑफिसातल्या नव्या पोराचा फोन आला.

"दादा, बिल सेव्हच नाही होऊन राहिलं."

"डीएफ मारून पाह्य."

"मारलं न. शंभर टक्के दाखवून राहिलं."

"मंग डिस्क वाढव."

"वाढवली न दादा! चाळीसची साठ केली. तरी शंभरच दाखवून राहिलं. पैसे तं साठचेच लागतीन न आता?"

पैसे साठचेच लागत होते. डीएफ ही डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड. पोराचं काही चुकलं नव्हतं, त्याचं काम फक्त अर्धं झालं होतं.

क्लाउडवरच्या डिस्कची नोंद दोन ठिकाणी असते. एक बाहेर, क्लाउड कंपनीच्या खात्यात: अमुक क्रमांकाचा व्हॉल्यूम (क्लाउडवरची डिस्क), इतके जीबी, अमक्या मशीनला जोडलेला. दुसरी आत, मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये: पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) कुठे संपतं, फाइल सिस्टिम (फायली मांडायची व्यवस्था) केवढी, कोणत्या फोल्डरवर माउंट आहे (चढवलेली आहे). बाहेरची नोंद बदलली म्हणून आतली बदलत नाही. सातबाऱ्यावर एकर वाढला तरी शेताचा धुरा, म्हणजे बांध, आपोआप सरकत नाही, तसंच.

म्हणून आमच्याकडे एकच नियम आहे. डिस्क जोडायची किंवा वाढवायची असेल तर आधी बाहेर, मग आत. काढायची असेल तर आधी आत, मग बाहेर. पुढचं सगळं या नियमाच्या धाग्यावर ओवलेलं आहे.

उदाहरण अॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउडचं घेतो, कारण आमची मशीनं तिथल्या मुंबई रीजनमध्ये (डेटा सेंटरच्या विभागात) आहेत. हे रीजन २०१६ मध्ये सुरू झालं. त्यांच्या ब्लॉक स्टोरेजला, म्हणजे मशीनला जोडायच्या डिस्कच्या सेवेला, इलास्टिक ब्लॉक स्टोअर, म्हणजे ईबीएस म्हणतात, आणि ती सेवा २००८ पासूनची. दुसऱ्या क्लाउडवर कमांडची नावं वेगळी असतील, पण बाहेर-आतचा हिशेब तोच. कमांड मी त्या पोराला फोनवर सांगतो तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या, मोठी अक्षरं लागतील तिथे सांगतो.

आधी आपण कोण आणि कुठे, ते पाहा

एडब्ल्यूएसचं कमांड लाइन टूल, आवृत्ती २, आपल्या लॅपटॉपवर बसवा. मग:

एडब्ल्यूएस कॉन्फिगर

ते चार गोष्टी विचारतं: अॅक्सेस की, सीक्रेट की, रीजन आणि आउटपुटचा प्रकार. रीजनमध्ये एपी-साउथ-१ म्हणजे मुंबई. आउटपुटला टेबल लिहिलं की निकाल चौकटीत दिसतो, डोळ्यांना बरं. की रूट खात्याची, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मूळ खात्याची, वापरू नका. व्हॉल्यूम आणि स्नॅपशॉट (व्हॉल्यूमची त्या क्षणाची प्रत) यांच्यापुरतेच अधिकार असलेला वेगळा यूजर बनवा. आणि ती सीक्रेट की व्हॉट्सअॅपवर पाठवायची नाही. "फक्त पाच मिनिटांसाठी, मग डिलीट करतो" असं म्हणणारे सगळे सज्जनच असतात, पण नाही.

एकाहून जास्त ग्राहकांची खाती सांभाळत असाल तर प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल ठेवा आणि रोज काम सुरू करताना ही कमांड मारा:

एडब्ल्यूएस एसटीएस गेट-कॉलर-आयडेंटिटी

आपण कोणत्या खात्यात, कोणत्या नावाने उभे आहोत ते ती सांगते. दोन सेकंदांचं काम आहे. सीताबर्डीत गर्दीच्या वेळी दुसऱ्याच्या गाडीला आपली चावी लावून पाहिली असेल तर ही कमांड का मारायची ते सांगायला नको. फरक इतकाच, की इथे चावी लागते आणि गाडी सुरूही होते.

कमांडच्या शेवटी --ड्राय-रन जोडलं तर काम होत नाही, फक्त परवानगी आहे की नाही ते कळतं. गंमत अशी, की परवानगी असेल तेव्हाही उत्तर एरर म्हणूनच येतं. त्या एररमध्ये "ड्रायरनऑपरेशन" दिसलं म्हणजे सगळं ठीक. आमच्या पोराने पहिल्या दिवशी याच एररवर अर्धा तास घालवला. त्यानंतरचा अर्धा तास गेला टर्मिनल "अडकलं" म्हणून. लांब निकाल आवृत्ती २ मध्ये पानापानाने उघडतो, क्यू दाबलं की बाहेर येता येतं.

हाताशी काय आहे

एडब्ल्यूएस ईसी२ डिस्क्राइब-व्हॉल्यूम्स

नुसती मारली तर भारंभार माहिती येते. कामापुरते रकाने काढायला --क्वेरी आहे:

एडब्ल्यूएस ईसी२ डिस्क्राइब-व्हॉल्यूम्स --क्वेरी 'व्हॉल्यूम्स[].[व्हॉल्यूमआयडी,साइझ,व्हॉल्यूमटाइप,स्टेट,अव्हेलेबिलिटीझोन]' --आउटपुट टेबल

इथे मात्र रोमन लिपीतल्या लहान-मोठ्या अक्षरांना महत्त्व आहे. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, आणि आयडीमध्ये आय कॅपिटल, डी लहान. चुकलं तर एरर येत नाही, रकान्यात 'नन' येतं आणि माणूस बुचकळ्यात पडतो.

स्टेट रकान्यात 'इन-यूज' म्हणजे व्हॉल्यूम कुठल्या तरी मशीनला जोडलेला आहे. 'अव्हेलेबल' म्हणजे मोकळा पडलेला. मोकळा म्हणजे फुकट नव्हे. ईबीएसचं बिल वापरलेल्या जागेवर नाही, मागितलेल्या जागेवर लागतं. शंभर जीबी मागून दोनच भरलेत, किंवा कुठेही न जोडता ठेवलेत, तरी बिल शंभरचं.

नवा व्हॉल्यूम: बाहेरचं काम

पहिला प्रश्न झोनचा. मुंबई रीजनमध्ये तीन झोन (रीजनचे वेगवेगळे भाग) आहेत, नावांच्या शेवटी ए, बी, सी. व्हॉल्यूम ज्या झोनमध्ये बनतो त्याच झोनमधल्या मशीनला जोडता येतो. मशीन 'ए'मध्ये आणि व्हॉल्यूम 'बी'मध्ये असेल तर ती जोडी जमत नाही. मग स्नॅपशॉट काढून दुसऱ्या झोनमध्ये नवा व्हॉल्यूम बनवावा लागतो. म्हणून आधी डिस्क्राइब-इन्स्टन्सेसने (इन्स्टन्स म्हणजे मशीन) मशीनचा झोन पाहा.

दुसरा प्रश्न प्रकाराचा. बहुतेकांसाठी उत्तर जीपी३. हा प्रकार डिसेंबर २०२० मध्ये आला. त्यात व्हॉल्यूम कितीही लहान असला तरी सेकंदाला ३,००० आयऑप्स (वाचण्या-लिहिण्याच्या क्रिया) आणि १२५ एमबीचा वेग मूळ किमतीतच मिळतो. त्याआधीच्या जीपी२ मध्ये वेग आकाराला बांधलेला होता, एका जीबीला ३ आयऑप्स. त्यामुळे लोक वेगासाठी नको तेवढी मोठी डिस्क घ्यायचे. जीपी३ चा दर जीबीमागे जीपी२ पेक्षा २० टक्क्यांपर्यंत कमी आहे. कोणी आजही जुन्या सवयीने जीपी२ घेत असेल तर त्याला चहा पाजून समजवा.

एडब्ल्यूएस ईसी२ क्रिएट-व्हॉल्यूम --अव्हेलेबिलिटी-झोन एपी-साउथ-१ए --साइझ २० --व्हॉल्यूम-टाइप जीपी३ --एन्क्रिप्टेड

एन्क्रिप्टेड आत्ताच लिहा. आधीपासून असलेला साधा व्हॉल्यूम जागेवर एन्क्रिप्ट करता येत नाही, स्नॅपशॉटच्या वळणाने जावं लागतं. सोबत --टॅग-स्पेसिफिकेशन्सने नाव द्या. ग्राहक, काम आणि बनवल्याचा महिना एवढं तरी नावात असू द्या. 'टेस्ट' आणि 'न्यू' या नावांचे व्हॉल्यूम वर्षभराने कोणीच ओळखत नाही आणि भीतीपोटी कोणी डिलीटही करत नाही.

उत्तरात व्हॉल्यूमचा आयडी येतो: 'व्हीओएल', डॅश, मग आकडे-अक्षरांची लांब माळ. तो कॉपी करून ठेवा. लगेच जोडायला गेलात तर व्हॉल्यूम अजून तयार नाही असं ऐकायला मिळेल, त्यासाठी थांबायची कमांड आहे:

एडब्ल्यूएस ईसी२ वेट व्हॉल्यूम-अव्हेलेबल --व्हॉल्यूम-आयडीज आणि पुढे आयडी

ती गुपचूप थांबते आणि गुपचूप संपते. मग जोडायचं:

एडब्ल्यूएस ईसी२ अटॅच-व्हॉल्यूम --व्हॉल्यूम-आयडी … --इन्स्टन्स-आयडी … --डिव्हाइस /डेव्ह/एसडीएफ

बाहेरचं काम झालं.

नवा व्हॉल्यूम: आतलं काम

आता एसएसएचने, म्हणजे दूरून लॉगिन करून, मशीनमध्ये शिरा आणि डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके मारा. पहिला गोंधळ इथेच होतो. आपण सांगितलेलं नाव एसडीएफ, आणि यादीत दिसतं एनव्हीएमई१एन१. एडब्ल्यूएसच्या नायट्रो पद्धतीच्या मशीनवर, म्हणजे आजच्या बहुतेक मशीनवर, लिनक्स स्वतःच नाव ठेवतो. आपण दिलेलं नाव बाहेरच्या नोंदीतच राहतं. दोन-तीन व्हॉल्यूम असतील आणि मशीन रीस्टार्ट झालं तर हे आकडे आपसांत बदलूही शकतात.

मग कोणती डिस्क कोणता व्हॉल्यूम, हे ओळखायचं कसं? अंदाजाने नाही. ही कमांड:

एलएसबीएलके -ओ +सीरियल

शेवटच्या रकान्यात प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर येतो, आणि तो नंबर म्हणजे बाहेरचा व्हॉल्यूम आयडीच असतो, मधला डॅश काढलेला. बाहेरची नोंद आणि आतली नोंद एकमेकींना ओळख दाखवतात ती इथे. मी तर सीरियलची शेवटची चार अक्षरं मोठ्याने वाचतो आणि लॅपटॉपवरच्या आयडीशी जुळवतो. ऑफिसात हसतात. हसू द्या.

फाइल सिस्टिम बनवण्याआधी डिस्क खरंच कोरी आहे का ते पाहा (सुडो म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने):

सुडो फाइल -एस /डेव्ह/एनव्हीएमई१एन१

उत्तरात नुसतं 'डेटा' आलं तर डिस्क कोरी. हा शब्द उलटा वाटतो, पण अर्थ असा की ओळखता येईल असं तिच्यावर काही नाही. उत्तरात एक्सएफएस किंवा एक्सटी४ (हे फाइल सिस्टिमचे प्रकार) दिसलं तर हात आवरा, तिथे कोणाचं तरी काही आहे. कोरी असेल तरच पुढे:

सुडो एमकेएफएस -टी एक्सएफएस /डेव्ह/एनव्हीएमई१एन१

मग एमकेडीआयआरने /डेटा फोल्डर करा आणि माउंटने तिथे चढवा. डेटासाठीच्या वेगळ्या डिस्कवर मी पार्टिशन करत नाही. पुढे डिस्क वाढवताना एक पायरी वाचते.

रीस्टार्टनंतरही डिस्क चढलेली राहावी म्हणून /ईटीसी/एफएसटॅब या फाइलमध्ये एक ओळ लागते. बीएलकेआयडी या कमांडने डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, काढा आणि ओळ अशी लिहा (यूयूआयडी हा शब्द कॅपिटलमध्ये):

यूयूआयडी=… /डेटा एक्सएफएस डिफॉल्ट्स,नोफेल ० २

डिव्हाइसचं नाव लिहू नका, ते बदलतं. आणि 'नोफेल' विसरू नका, म्हणजे ही डिस्क नसली तरी मशीन सुरू होतं. हा शब्द मी एकदा विसरलो होतो, त्याची गोष्ट सांगतो.

नोफेल नव्हतं ती रात्र

मे महिना, बाहेर ४५ अंश, कूलरचा आवाज. एका मशीनवरचा जादा व्हॉल्यूम मी दुपारी काढून टाकला होता. घाईत काढला, म्हणजे फक्त बाहेरून काढला. एफएसटॅबमधली ओळ तशीच राहिली. रात्री अपडेटनंतर मशीन रीस्टार्ट झालं. लिनक्स त्या हरवलेल्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहत बसला आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये गेला. कन्सोलवर मशीन 'रनिंग', आणि एसएसएच मात्र आत घेईना. घरात दिवा लागलेला दिसतोय, कडी मात्र आतून.

सुटका अशी केली, आणि ही रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. बंद पडलेलं मशीन स्टॉप केलं. त्याचा रूट व्हॉल्यूम, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम असलेली डिस्क, डिटॅच केला. त्याच झोनमधल्या दुसऱ्या चालू मशीनला तो जादा डिस्क म्हणून जोडला. तिथे माउंट करून, त्या डिस्कवरच्या ईटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅबची ती ओळ काढली. हे करताना मदतीच्या मशीनची स्वतःची एफएसटॅब उघडली जात नाही ना, हे बघा. झोपेत तेही होतं. मग अनमाउंट, डिटॅच, आणि पुन्हा मूळ मशीनला जोडणी. जोडताना रूटचं डिव्हाइस नाव पूर्वीचंच द्यावं लागतं. अॅमेझॉन लिनक्सवर ते बहुधा /डेव्ह/एक्सव्हीडीए असतं, उबुंटूवर /डेव्ह/एसडीए१. डिस्क्राइब-इन्स्टन्सेसच्या उत्तरात 'रूटडिव्हाइसनेम' असतं, तिथून आधीच टिपून घ्या.

त्यात एक काटा आणखी लागला होता. दोन्ही मशीनं एकाच इमेजवरून (साच्यावरून) बनलेली, म्हणून दोन्ही रूट डिस्कचा यूयूआयडी एकच. एक्सएफएस अशा जुळ्या डिस्कला माउंट करू देत नाही. त्यावर उपाय माउंटला '-ओ नोयूयूआयडी' देणं.

पहाटे साडेतीनला मशीन उठलं. तेव्हापासून एफएसटॅबला हात लावला की लगेच 'सुडो माउंट -ए' मारतो. ओळीत चूक असेल तर ती तिथेच, उजेडात आणि जागेपणी कळते.

वाढवणं

आता मार्चच्या फोनवर परत येऊ. पण वाढवण्याआधी एक गोष्ट: डिस्क खरंच डेटाने भरली आहे का? कधी लॉगनेच भरलेली असते. कधी डीयू (फायलींची बेरीज सांगणारी कमांड) म्हणतं वीस जीबी आणि डीएफ म्हणतं चाळीस, तेव्हा कोणीतरी मोठी फाइल डिलीट केलेली असते, पण एखादा प्रोग्रॅम ती अजून उघडी धरून बसलेला असतो. 'सुडो एलएसओएफ +एल१' (+ नंतरचा एल कॅपिटल) अशा फायली दाखवतं, तो प्रोग्रॅम रीस्टार्ट केला की जागा सुटते. कधी जागा भरपूर असते आणि आयनोड, म्हणजे फायलींच्या नोंदींच्या जागाच, संपलेले असतात, ते 'डीएफ -आय'ने कळतं. डिस्क वाढवणं सोपं आहे, कमी करणं नाही. ईबीएसचा व्हॉल्यूम लहान करताच येत नाही. लहान हवा असेल तर नवा लहान व्हॉल्यूम बनवा, आरसिंक या कॉपीच्या टूलने डेटा हलवा, जुना काढा.

वाढवायचंच ठरलं तर आधी स्नॅपशॉट, मग:

एडब्ल्यूएस ईसी२ मॉडिफाय-व्हॉल्यूम --व्हॉल्यूम-आयडी … --साइझ ६०

मशीन बंद करावं लागत नाही. एकदा बदल केला की पुढच्या बदलांवर वेळेचं बंधन येतं, म्हणून पाच-पाच जीबीने वाढवत बसू नका. सीझनभराचा विचार करून एकदाच आकडा ठरवा. प्रगती पाहायला:

एडब्ल्यूएस ईसी२ डिस्क्राइब-व्हॉल्यूम्स-मॉडिफिकेशन्स --व्हॉल्यूम-आयडीज …

स्थिती 'मॉडिफाइंग'वरून 'ऑप्टिमायझिंग'वर आली की आतलं काम सुरू करता येतं. 'कम्प्लीटेड'ची वाट पाहायची गरज नाही, मोठ्या व्हॉल्यूमला तिथवर जायला तास लागू शकतात.

पोराने इथपर्यंत केलं होतं. एलएसबीएलके मारायला लावलं तेव्हा चित्र स्वच्छ दिसलं: डिस्क ६० जीबीची, तिच्या पोटातलं पहिलं पार्टिशन ४० चं. धुरा जुन्याच जागी. तो सरकवायची कमांड:

सुडो ग्रोपार्ट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१ १

डिस्कचं नाव आणि शेवटचा १ यांच्यामध्ये जागा सोडायची आहे. तो पार्टिशनचा क्रमांक आहे, नावाचा भाग नव्हे. फोनवर सांगताना हे दोनदा सांगावं लागतं.

"दादा, एरर देऊन राहिलं."

"काय म्हणते?"

"डिव्हाइसवर जागा नाही म्हणते. अन् जागा कराले तं हे चालवून राहिलो न आपण!"

पोराचा वैताग बरोबर होता. ग्रोपार्टला स्वतःच्या कामासाठी /टीएमपीमध्ये (तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमध्ये) थोडी जागा लागते, आणि डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर तीही नसते. वाट अशी, की थोडी रॅम तात्पुरती /टीएमपी म्हणून लावायची:

सुडो माउंट -ओ साइझ=१०एम,आरडब्ल्यू,नोडेव्ह,नोसुइड -टी टीएमपीएफएस टीएमपीएफएस /टीएमपी

टीएमपीएफएस दोनदा आहे, ती माझी चूक नाही. यानंतर ग्रोपार्ट चाललं. मग 'सुडो यूमाउंट /टीएमपी' करून रॅम परत घेतली.

पार्टिशन वाढलं, तरी डीएफ अजून शंभरच दाखवतं. कारण आतमध्येही दोन थर आहेत: पार्टिशन आणि त्यावरची फाइल सिस्टिम. एक्सटी४ असेल तर:

सुडो रीसाइझ२एफएस /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी१

आणि एक्सएफएस असेल तर:

सुडो एक्सएफएस_ग्रोएफएस -डी /डेटा

पहिल्याला पार्टिशनचं डिव्हाइस द्यायचं, दुसऱ्याला माउंट केलेला फोल्डर. कोणती फाइल सिस्टिम आहे ते 'डीएफ -टी' सांगतं, त्यात टी कॅपिटल. पार्टिशन न केलेल्या डिस्कवर ग्रोपार्टची पायरीच नाही, थेट ही शेवटची.

अकरा वाजून दहा मिनिटांनी डीएफ ६७ टक्क्यांवर आलं. पोराने एक बिल करून पाहिलं. निघालं.

याच मॉडिफाय-व्हॉल्यूमने जुने जीपी२ व्हॉल्यूमही चालू मशीनवर जीपी३ करता येतात, --व्हॉल्यूम-टाइप जीपी३ एवढंच द्यायचं. आयऑप्स आणि वेग सांगितले नाहीत तर एडब्ल्यूएस जुन्या व्हॉल्यूमइतकी क्षमता किंवा जीपी३ ची मूळ क्षमता, यांतली जी जास्त ती देतं. मूळच्या वरच्या क्षमतेचे पैसे वेगळे पडतात. ५०० जीबीच्या जीपी२ ला २५० एमबीचा वेग असतो, तो तसाच राहतो आणि बिल अपेक्षेइतकं उतरत नाही. तेवढा वेग लागत नसेल तर --थ्रूपुट १२५ स्पष्ट लिहा.

स्नॅपशॉट

एडब्ल्यूएस ईसी२ क्रिएट-स्नॅपशॉट --व्हॉल्यूम-आयडी … --डिस्क्रिप्शन 'वाढवण्याआधी'

कमांडने उत्तर दिलं की त्या क्षणाचं चित्र पक्कं झालं. स्थिती 'पेंडिंग' असली तरी व्हॉल्यूमवर काम चालू ठेवता येतं. पहिल्यांदा भरलेले सगळे ब्लॉक जातात, पुढच्या वेळी फक्त बदललेले. मधलाच एखादा स्नॅपशॉट डिलीट केला तर पुढचे बिघडत नाहीत, त्यांना लागणारे ब्लॉक शाबूत राहतात. ही शंका मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं.

डेटाबेस चालू असताना काढलेला स्नॅपशॉट म्हणजे लाइट अचानक गेल्यावर डिस्क जशी असेल तशी. चांगले डेटाबेस त्यातून सावरतात, पण त्या भरवशावर नेहमी राहू नका. डेटा वेगळ्या व्हॉल्यूमवर असेल तर 'सुडो एफएसफ्रीझ -एफ /डेटा' करा, स्नॅपशॉटची कमांड द्या, उत्तर येताच 'सुडो एफएसफ्रीझ -यू /डेटा'. रूट डिस्कवर हा खेळ करू नका, आपणच गोठून बसाल.

स्नॅपशॉटवरून व्हॉल्यूम बनवताना क्रिएट-व्हॉल्यूमला --स्नॅपशॉट-आयडी द्यायचा. असा व्हॉल्यूम लगेच मिळतो, पण सुरुवातीला संथ चालतो, कारण प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचताना मागच्या साठ्यातून आणला जातो. "रीस्टोअर केलं अन् सर्वर रांगून राहिला" या तक्रारीचं कारण बहुतेकदा हेच. तीन महिन्यांतून एकदा तरी एखादा स्नॅपशॉट असा उघडून, माउंट करून, आतली फाइल वाचून पाहा.

दुसऱ्या शहरात प्रत हवी असेल तर हैदराबाद रीजन २०२२ पासून आहे. आधी ते आपल्या खात्यात सुरू करून घ्यावं लागतं, मग:

एडब्ल्यूएस ईसी२ कॉपी-स्नॅपशॉट --रीजन एपी-साउथ-२ --सोर्स-रीजन एपी-साउथ-१ --सोर्स-स्नॅपशॉट-आयडी …

तसंही आपल्याला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. कॉपीला त्याने काही फरक पडत नाही म्हणा.

रोजचे स्नॅपशॉट क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कमांडने, काढू नका. काढणं जमतं, जुने पुसणं राहून जातं. एडब्ल्यूएसच्या डेटा लाइफसायकल मॅनेजरला टॅग (व्हॉल्यूमला लावलेली चिठ्ठी) सांगून किती ठेवायचे ते ठरवून द्या.

काढणं: आता उलटं

आधी आत. /डेटा वापरणारे प्रोग्रॅम थांबवा, एफएसटॅबमधली ओळ काढा, मग 'सुडो यूमाउंट /डेटा'. 'टार्गेट इज बिझी' आलं तर 'सुडो एलएसओएफ /डेटा'ने कोण बसलंय ते पाहा. पुष्कळदा आपणच त्या फोल्डरमध्ये सीडी करून, म्हणजे आत शिरून, बसलेलो असतो.

मग बाहेर:

एडब्ल्यूएस ईसी२ डिटॅच-व्हॉल्यूम --व्हॉल्यूम-आयडी …

व्हॉल्यूम 'डिटॅचिंग'मध्येच लटकला तर तो आत अजून माउंट आहे का ते तपासा. --फोर्स हा शेवटचा उपाय आहे, त्यात न लिहिलेला डेटा जाऊ शकतो.

मशीनच टर्मिनेट करणार असाल तर 'डिलीटऑनटर्मिनेशन' ही खूण पाहा. रूट व्हॉल्यूमवर ती सहसा चालू असते, म्हणजे मशीनसोबत रूटही जातो. अटॅच-व्हॉल्यूमने जोडलेल्या व्हॉल्यूमवर ती बंद असते, म्हणजे मशीन गेलं तरी व्हॉल्यूम मागे राहतो, बिलासकट. असे मागे राहिलेले शोधायला दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही ही मारतो (नेम आणि व्हॅल्यूजची पहिली अक्षरं कॅपिटल):

एडब्ल्यूएस ईसी२ डिस्क्राइब-व्हॉल्यूम्स --फिल्टर्स नेम=स्टेटस,व्हॅल्यूज=अव्हेलेबल

सापडले म्हणून लगेच पुसत नाही. शेवटचा स्नॅपशॉट काढतो, 'पुसायचा' असा टॅग आणि तारीख लावतो, आठ दिवस थांबतो. कोणी ओरडलं नाही तर:

एडब्ल्यूएस ईसी२ डिलीट-व्हॉल्यूम --व्हॉल्यूम-आयडी …

ही कमांड "नक्की का?" असं विचारत नाही, आणि झालं म्हणून सांगतही नाही. एंटर दाबलं की नुसता प्रॉम्प्ट परत येतो. म्हणून ती एकट्याने मारायची नाही असं ठरलं आहे. एकाने टाइप करायची, दुसऱ्याने टॅग लावलेल्या यादीतून आयडीची शेवटची चार अक्षरं वाचायची, पहिल्याने स्क्रीनवरची वाचायची. परवा पोराने मलाच थांबवलं. "दादा, तुमची चार अन् माही चार जुळून नाही राहिली."